मोडीत निघालेले माग आणि माझा पहिला कॅमेरा

१९ फेब्रुवारी २०२३ रोजी यंत्रमाग कारखान्याचे मालक अण्णा यांनी सांगितले की, कारखान्यातील शेवटचे चार माग दिवाळीपूर्वी मोडीत काढायचे ठरले आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील त्यांच्या त्या पत्र्याच्या कारखान्यात माझे वडील सव्वीस वर्षे जॉबर, म्हणजे माग जुळवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर होते, आणि त्या सव्वीस वर्षांचा आमच्या घरी एकच फोटो आहे. तोही कुणाच्या तरी लग्नात उरलेल्या रोलवर काढलेला आणि हललेला. माग जाण्यापूर्वी त्यांचे नीट फोटो काढायचे, असे मी त्याच दिवशी मनाशी ठरवले. तोवर मोबाइलखेरीज दुसऱ्या कशानेही मी फोटो काढला नव्हता. पुढच्या साडेआठ महिन्यांत कॅमेरा घेणे, तो शिकणे, लेन्सच्या बाबतीत फसणे, संगणकावर फोटो दुरुस्त करणे आणि शेवटी ते कागदावर उतरवणे हे सगळे मला करावे लागले. ज्यांना हे पहिल्यांदाच करायचे आहे, त्यांना माझ्या चुका तरी पुन्हा कराव्या लागू नयेत म्हणून तारखा आणि खर्चासह लिहीत आहे.

मोबाइलनेच का भागवले नाही, असे मला पुष्कळांनी विचारले. मीही आधी तोच प्रयत्न केला होता. उन्हात मोबाइलचे फोटो उत्तम येतात, पण कारखान्यात चार ट्यूबलाइट आणि पत्र्यात बसवलेल्या दोन काचा एवढाच उजेड होता. त्या उजेडात मोबाइलने ताण्याचे, म्हणजे मागावर उभे ताणलेले शेकडो धागे एकमेकांत मिसळून टाकले, आणि चौकट मोठी करून पाहिली तर सुताच्या जागी मऊ पिठासारखे काहीतरी दिसू लागले. मला तर सूतच दाखवायचे होते.

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिक आहे, त्यामुळे हाताशी एकरकमी पैसे नव्हते. २७ फेब्रुवारीला कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेत ३०,००० रुपयांच्या कर्जाचा अर्ज दिला. त्याला तीन महिन्यांच्या पगारपावत्या, दोन जामीनदारांच्या सह्या आणि त्या दोघांच्याही पगारपावत्या जोडाव्या लागल्या. एक जामीनदार रजेवर गावी गेले होते, म्हणून आठवडा तसाच गेला. १४ मार्चला रक्कम खात्यात जमा झाली. हे पंधरा दिवस वाया गेले असे तेव्हा वाटले होते, पण कॅमेऱ्याविषयी जे काही वाचले ते याच दिवसांत, आणि पैसे आधीच हातात असते तर मी पहिल्याच दुकानात जाऊन चुकीची वस्तू घेऊन आले असते याची मला खात्री आहे.

वाचून एवढे कळले की निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांचा भर आता मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांवर आहे, आणि म्हणूनच त्यांचे जुने, आरसा असलेले डीएसएलआर वापरलेल्या मालाच्या बाजारात बऱ्या अवस्थेत आणि कमी किमतीत मिळू लागले आहेत. लग्नाचे फोटो काढणारे व्यावसायिकही मिररलेसकडे वळल्यामुळे आपले जुने कॅमेरे विकत आहेत. तीस हजारांत नवा मिररलेस शोधत बसण्यापेक्षा चांगला सांभाळलेला डीएसएलआर घ्यावा, असे माझे मत झाले आणि ते आजही कायम आहे. ज्यांना व्हिडिओच करायचा आहे त्यांनी मात्र माझे ऐकू नये.

पहिला कॅमेरा पाहिला तो एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे. बाहेरून तो नव्यासारखा चकचकीत होता. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, आजवर किती वेळा उघडले याचा आकडा नोंदलेला असतो, आणि ताजा फोटो एखाद्या संकेतस्थळावर चढवला की तो वाचता येतो. त्या कॅमेऱ्याचा आकडा १,८०,००० च्या वर निघाला. या वर्गातील कॅमेऱ्यांचे शटर साधारण एक लाख क्लिकचे धरतात. त्यानंतर ते लगेच बंद पडते असे नाही, पण बदलण्याचा खर्च आपल्याच माथी येतो. मी आभार मानून बाहेर पडले.

दुसरा कॅमेरा विजापूर रस्त्यावर राहणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे मिळाला. निकॉन डी ५६००, सोबत १८-५५ ची लेन्स, ११,४०० क्लिक, मूळ बिल आणि खोका. तपासताना मी काय काय केले ते सांगते. कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेला क्रमांक बिलावरील आणि खोक्यावरील क्रमांकाशी जुळवून पाहिला. लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आरपार सोडून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का, ते पाहिले. अ‍ॅपर्चर (लेन्समधले छिद्र) एफ १६ वर नेऊन, म्हणजे लहान करून, पांढऱ्या कागदाचा मुद्दाम अस्पष्ट फोटो काढला, कारण सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या भागावर धूळ असेल तर ती अशा फोटोत काळ्या ठिपक्यांच्या रूपाने उमटते. बॅटरी काढून पुन्हा बसवली, फ्लॅश उघडून मिटवला, वळणारा पडदा चारी दिशांना फिरवला. व्यवहार ३१,००० रुपयांना ठरला. पैसे यूपीआयने दिले आणि साध्या कागदावर तारीख, रक्कम व कॅमेऱ्याचा क्रमांक लिहून त्याची सही घेतली. त्या मुलाला हे जरा जास्तच वाटले असावे, पण पुढे जुलैमध्ये दुरुस्तीच्या वेळी हाच कागद आणि बिल कामी आले. २२ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, कॅमेरा घरी आला. सासूबाईंनी त्यालाही हळदकुंकू लावले. लेन्सच्या काचेला बोट लागू नये म्हणून मी टोपण घट्ट धरून उभी होते.

एप्रिल आणि मे हे महिने शिकण्यात गेले. सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळी साडेआठनंतर बाहेर फोटो काढण्यात अर्थ नसतो. प्रकाश पांढराफटक होतो, चेहऱ्यावर नाकाची सावली पडते आणि कॅमेरा हातात तापतो. (स्कूटरच्या डिकीत तो क्षणभरही ठेवू नये, मे महिन्यात ती डिकी म्हणजे भट्टी असते.) म्हणून सहा ते आठ या वेळात मी सिद्धेश्वर तलावाच्या काठी जात असे. एका बाजूला मंदिर, दुसऱ्या बाजूला किल्ल्याची तटबंदी आणि मध्ये पाणी, अशी जागा नवशिक्याला मिळणे भाग्याचे. एकाच बुरुजाचा फोटो रोज त्याच जागेवरून काढल्यामुळे प्रकाश कसा बदलतो ते मला पुस्तकाविना कळले.

कॅमेऱ्याची तीन सूत्रे समजायला मात्र वेळ लागला. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधील छिद्र. त्याचा आकडा लहान तेवढे छिद्र मोठे, उजेड जास्त आणि पुढचा-मागचा भाग धूसर. शटर स्पीड म्हणजे छिद्रातून उजेड किती वेळ आत येतो, ते. आयएसओ वाढवला की फोटो उजळतो, पण त्यात रवाळपणा येतो. वाक्ये सोपी आहेत, हाताला मात्र ती सवयीनेच येतात. मी दोन आठवडे खिडकीशी एक चादर आणि तिच्यावर पितळी तांब्या ठेवून दर वेळी एकच गोष्ट बदलत फोटो काढले आणि प्रत्येक फोटोचे आकडे वहीत लिहिले. घरच्यांना त्या तांब्याचा कंटाळा आला. त्यानंतर मी ऑटोची चकती सोडून ‘ए’वर आले, म्हणजे अ‍ॅपर्चर माझे आणि शटर कॅमेऱ्याचे, आणि बाहेरच्या बहुतेक कामाला आजही तेच पुरते.

आता लेन्सची चूक. ‘पहिली लेन्स पन्नासचीच घ्यावी’ हा सल्ला मला इतक्या जणांनी दिला होता की मी तो तपासलाच नाही. २० मे रोजी एका दुकानातून वापरलेली ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स ६,५०० रुपयांना आणली. ‘निकॉनच्या सगळ्या कॅमेऱ्यांना चालते,’ असे दुकानदाराने सांगितले होते, आणि ती बसलीही व्यवस्थित. फक्त फोकस होईना. तिच्या नावाच्या शेवटी ‘डी’ हे अक्षर होते. या जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. ती कॅमेऱ्यात असावी लागते, आणि डी ५६०० मध्ये ती नाही. या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस हवा असेल तर नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ असलेली लेन्स घ्यावी लागते. हाताने कडे फिरवून फोकस करता येतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) हिरवा ठिपका लागून खूणही मिळते, पण चालत्या मागासमोर ते मला जमणारे नव्हते. दुकानदाराने चार दिवसांनी लेन्स परत घेतली आणि १,००० रुपये कापून घेतले.

ते हजार रुपये गेल्यावर मी जे करायला हवे होते ते केले. तोवर काढलेल्या ६४० फोटोंची माहिती संगणकावर उघडून प्रत्येक फोटो लेन्सच्या कोणत्या मिलिमीटरवर (फोकल लेंग्थवर) काढला आहे ते पाहिले, तर त्यातले चारशेहून जास्त ३० ते ४० च्या दरम्यान निघाले. शिवाय माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे ५० ची लेन्स त्यावर ७५ सारखी दिसते, म्हणजे दृश्य आणखी जवळ येते. अण्णांच्या कारखान्यात दोन मागांमधली वाट जेमतेम दोन फूट होती. तिथे पाठ भिंतीला टेकवूनही पन्नासमध्ये अर्धा माग मावला नसता. ३ जूनला मी ३५ मिलिमीटरची एफ १.८ एएफ-एस लेन्स वापरलेलीच, ९,५०० रुपयांना घेतली. सोबत आलेली लेन्स ३५ वर जास्तीत जास्त एफ ४.५ च्या आसपास उघडते, ही १.८ ला उघडते, म्हणजे साधारण सहापट उजेड आत घेते. लेन्स घेण्यापूर्वी ती कुठे उभे राहून वापरायची आहे, ते टेपने मोजून यावे. मी पुढे नवख्या लोकांना सगळ्यात आधी हेच सांगू लागले.

११ जूनला कॅमेरा घेऊन प्रथमच कारखान्यात गेले. अण्णांनी आधीच तीन अटी घातल्या होत्या. ओढणी नको, गळ्यातला पट्टा लोंबकळत ठेवायचा नाही (मागाच्या पट्ट्याने आणि चाकाने माणसे ओढली गेलेली त्यांनी पाहिली आहेत), आणि मागाच्या दोन्ही टोकांना, म्हणजे आडवे सूत घेऊन ये-जा करणाऱ्या धोट्याच्या रेषेत उभे राहायचे नाही, कारण धोटा कधीकधी उडतो. धोट्यातल्या कांडीवर सूत भरणाऱ्या दोन मावश्यांना मी आधी विचारून घेतले. एकीने होकार दिला, दुसरीने सांगितले की हात घे, तोंड नको. तिचे फक्त हातच आहेत माझ्याकडे, आणि त्या सगळ्या संचातले माझे आवडते फोटो तेच आहेत.

त्या दिवशी १८६ फोटो काढले आणि घरी येऊन पाहिले तर जवळजवळ सगळे वाया गेलेले. धोटा हवेत थांबलेला दिसावा म्हणून मी शटर १/१००० वर ठेवले होते. काही फोटो अंधारे, काही पिवळट, काही हिरवट, आणि बऱ्याच फोटोंवर आडवे-उभे गडद पट्टे. कॅमेरा बिघडला असे समजून मी रात्रभर झोपले नाही. कारण असे निघाले की आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइट (स्वस्त एलईडीसुद्धा) त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा मंद आणि तेज होत असतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण एक हजारांश सेकंदाचे शटर त्यातला एखादा मंद क्षण नेमका पकडते. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले की निदान एक पूर्ण उतार-चढाव प्रत्येक फोटोत येतो आणि सगळे फोटो सारखे दिसू लागतात.

पुढच्या रविवारी मी ‘एम’वर (शटर आणि छिद्र दोन्ही आपणच ठरवायचे) शटर १/१००, अ‍ॅपर्चर एफ २.८ आणि आयएसओ ऑटो असे लावून गेले. पट्टे गेले. धोटा मात्र आता थांबेना. मिनिटाला शंभराच्या आसपास फेऱ्या मारणारी ती वस्तू १/१०० मध्ये एक लांब, करडी रेघ होऊन जाई. आधी मला वाईट वाटले. मग लक्षात आले की माझ्या वडिलांनी आयुष्यभर जे पाहिले ते तसेच असणार. थांबलेला धोटा त्यांच्या लेखी बिघाड होता. धारदार फणी (ताण्याचे धागे जिच्यातून जातात ती), स्पष्ट ताणा आणि त्यांच्यामधून गेलेली ती करडी रेघ हा फोटो मी शेवटच्या निवडीत पहिला ठेवला. त्या दिवशी एकाच मागापुढे पाऊण तास बसलेले पाहून अण्णा म्हणाले, ‘‘किती वेळ डोळा लावून बसायलीस गं? माग काय पळून जायलाय का?’’

जुलैमध्ये दुसरे संकट आले, आणि तेही माझ्याच हाताने. कारखान्याच्या हवेत सुताचा बारीक धुरळा सतत तरंगत असतो. संध्याकाळी कामगारांच्या भुवयाही पांढऱ्या झालेल्या असतात. अशा हवेत मी दोनदा लेन्स बदलली होती. ९ जुलैला हिप्परग्याच्या तलावावर ढगांचे फोटो एफ ११ ला काढले, तेव्हा प्रत्येक फोटोत आकाशाच्या उजव्या कोपऱ्यात सहा-सात ठिपके आणि एक वळलेला केसासारखा तंतू दिसला. कॅमेऱ्याच्या मेनूत सेन्सर साफ करण्याची सोय असते, ती आधी वापरली. ठिपके कमी झाले, तंतू हलला नाही. मग मेनूतूनच आरसा वर उचलून धरण्याची सोय लावली, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे केले आणि ३५० रुपयांच्या रबरी ब्लोअरने हवा मारली. तोंडाने फुंकर कधीही मारू नये, थुंकीचा सूक्ष्म थेंब सेन्सरवर वाळला तर काम वाढते. आणि हे करताना बॅटरी भरलेली असावी, नाहीतर आरसा मध्येच खाली येतो. तंतू तरीही तिथेच राहिला. ओल्या काडीने पुसण्याचे धाडस मी केले नाही.

१५ जुलैला सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन एका दुरुस्तीवाल्याकडे कॅमेरा दिला. त्याने बिल आणि विक्रीचा कागद पाहिला, कॅमेऱ्याचा क्रमांक आणि सोबत काय काय दिले ते पावतीवर लिहिले. बॅटरी, कार्ड आणि लेन्स मी परत घेतली. नुसता कॅमेराच द्यावा, बाकीच्या वस्तूंची जबाबदारी कशाला कुणावर टाकायची. नऊ दिवस लागले आणि १,२०० रुपये पडले. त्यानंतर लेन्स बदलायची झाली तर मी कारखान्याबाहेर, गल्लीत येऊन, कॅमेरा खाली तोंड करून बदलू लागले, आणि शक्य तितके बदलणेच सोडले. पुढचे सगळे फोटो त्या एका ३५ च्या लेन्सने काढलेले आहेत.

१२ ऑगस्टच्या शनिवारी कार्यालय अर्ध्या दिवसाने सुटल्यावर मी तीनच्या सुमारास कारखान्यात पोहोचले. चारही माग चालू होते. वीस मिनिटांनी वीज गेली. आधी ट्यूबलाइट विझल्या, मग माग एकेक करून थांबले, शेवटचा अडखळत दोन फेऱ्या जास्त मारून थांबला; आणि इतक्या वर्षांत मी त्या जागेची शांतता प्रथमच ऐकली. कामगार बिड्या ओढायला बाहेर गेले. वर पत्र्यातल्या दोन काचांतून उन्हाचे दोन तिरपे झोत खाली येत होते आणि त्यांत सुताचा धुरळा अगदी सावकाश उतरत होता. अण्णा तिसऱ्या मागाच्या बीमवर (सूत गुंडाळायच्या रुळावर) एक हात ठेवून उभे राहिले. बाकी सगळे काळोखात होते. मी अ‍ॅपर्चर १.८ वर उघडले, शटर १/६०, आयएसओ ८००. फोकस त्यांच्या हाताच्या बोटांवर. ट्यूबलाइट बंद असल्यामुळे हिरवट छटा गेली होती आणि सुताचा पांढरा खरोखर पांढरा दिसत होता. झोताचा भाग जळू नये म्हणून उजेड एक पायरी कमी केला, कारण पूर्ण पांढरा झालेला भाग नंतर परत आणता येत नाही, काळोखातला थोडासा तरी येतो. सुमारे पंचवीस मिनिटांनी वीज आली. त्या पंचवीस मिनिटांतले अकरा फोटो ठेवण्याजोगे निघाले. आधीच्या दोन महिन्यांत मिळून तेवढे निघाले नव्हते.

सप्टेंबर हा एडिटिंगचा महिना होता. सुरुवातीपासून मी फोटो रॉ स्वरूपात साठवत होते. एक फाइल साधारण पंचवीस एमबीची होते आणि त्यासाठी ६४ जीबीची दोन कार्डे घेतली होती, प्रत्येकी ६५० रुपये. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःचा निर्णय घेऊन बाकीची माहिती टाकून देतो. रॉमध्ये ती शिल्लक असते, म्हणून ट्यूबलाइटचा हिरवेपणा काढणे किंवा काळोखातला चेहरा थोडा वर आणणे शक्य होते. सॉफ्टवेअरला पैसे घालवले नाहीत. निकॉनचे एनएक्स स्टुडिओ विनामूल्य आहे आणि नवख्याला पुरेसे सोपे आहे. डार्कटेबलही विनामूल्य आणि फार समर्थ, पण त्यातल्या बटणांनी मी आठवडाभर गांगरून गेले होते. आमचा जुना चार जीबी रॅमचा लॅपटॉप दर बदलाला मिनिटभर विचार करत बसे. मुलीचा आठ जीबीचा तिच्या अभ्यासानंतर, रात्री दहाला मिळे.

पहिल्या आठवड्यात मी सगळे फोटो बिघडवले. रंगाची पट्टी उजवीकडे, स्पष्टतेची पट्टी उजवीकडे, सावल्या वर. अण्णांचा चेहरा नारिंगी झाला आणि मागाच्या लोखंडाला प्लॅस्टिकची झिलई आली. रवाळपणा घालवण्याची सोय जास्त वापरली तर सुताचा पोतच पुसला जातो आणि मोबाइलसारखेच पीठ दिसू लागते, जे टाळण्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता. मग क्रम ठरवला: आधी फोटो सरळ करणे, मग पांढरा रंग पांढरा करणे, मग उजेड, मग फार तेज आणि फार काळे भाग, आणि बाकीचे जवळजवळ काहीच नाही. चादरीचा लाल रंग नेमका यावा म्हणून अण्णांकडून एक चादर आणली आणि दिवसा, खिडकीच्या उजेडात, ती पडद्याशेजारी धरून जुळवली. ट्यूबलाइटचा हिरवा आणि काचेतून येणारा निळसर असे दोन उजेड एकाच फोटोत आले, तेव्हा एक सुधारला की दुसरा बिघडे. तसले चार फोटो शेवटी कृष्णधवल केले. सगळ्या फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्या, त्यातली एक बहिणीच्या घरी.

निवड करणे मला एडिटिंगपेक्षा जड गेले. एकूण २,३१६ फोटो होते. पडद्यावर बघून मला एकही वगळवेना, म्हणून त्यातले चाळीस निवडून लहान आकारात प्रत्येकी १० रुपयांना छापून आणले आणि जमिनीवर पसरले. मुलीने जे उचलून बाजूला ठेवले त्यांना मी हरकत घेतली नाही. चौदा उरले.

छपाईसाठी १२ बाय १८ इंचांचा आकार ठरवला. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० बिंदूंचा, आणि १२ बाय १८ चे प्रमाण नेमके तेच असल्यामुळे काहीही कापले जात नाही. इंचाला ३३३ बिंदू मिळतात, जे पुरेसे आहे. ७ ऑक्टोबरला तीन फोटो नमुन्यादाखल छापून घेतले, प्रत्येकी १६० रुपये, आणि तिन्ही काळपट आले. लॅबची चूक नव्हती. रात्री दहानंतर, अंधाऱ्या खोलीत, पडद्याची चकाकी पूर्ण वाढवून मी एडिटिंग करत होते. पडदा जो उजेड देतो तो कागद देत नाही. चकाकी निम्म्यावर आणून, दिवसा, सगळे चौदा फोटो पुन्हा थोडे उजळ केले, एसआरजीबी रंगपद्धतीत साठवले, आणि ते छापले जाताना लॅबमधील आपोआप सुधारणा बंद ठेवायला सांगितले. हे सांगितले नाही तर यंत्र काळोख्या फोटोंना बळेच उजेडात आणते. चौदा फोटोंचे २,२४० रुपये झाले. प्रवास सोडून सगळा खर्च ४७,४७० रुपये झाला. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

२९ ऑक्टोबरच्या रविवारी फोटो घेऊन अण्णांकडे गेले. त्यांनी चष्मा बदलला, फोटो मांडीवर एकेक करून पाहिले. वीज गेल्यावरच्या फोटोवर, ज्याची मला सगळ्यात जास्त घमेंड होती, ते थांबले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, ‘‘इथं ताणा तुटलाय बघ. तुझ्या बापाला लगेच दिसला असता.’’

४ नोव्हेंबरला भंगारवाल्याचा ट्रक आला. त्या रात्री मी मूळ फाइल उघडून तो कोपरा शंभर टक्क्यांवर मोठा करून पाहिला. डावीकडून साधारण वितभर आत, फणीच्या अलीकडे, एक धागा खरोखरच सैल लोंबत होता.